घास माथी लावून

पासली, १७ जून १९४६

गंगाधरदादाने सांगितले म्हणून लिहायला बसले आहे. "सौदामिनी, केशवराव गेल्यापासून तू कुणाशी बोलतच नाहीस. निदान कागदाशी तरी बोल," असे तो भोरहून मी निघताना म्हणाला. थोरल्या भावाचे मन मोडवत नाही. पण मला काही झालेले नाही. दिवाळीत हे गेले, तेव्हा जे रडायचे ते रडून झाले. आता नोकरी आहे, काम आहे.

संस्थानाने पासलीच्या शाळेत मुलींचा वर्ग काढला आहे, त्यावर माझी नेमणूक. वेल्ह्यापर्यंत बैलगाडी मिळाली. पुढे ट्रंक शाळेच्या शिपायाच्या डोक्यावर आणि मी मागून पायी. राहायची सोय फुलाबाईंच्या पडवीत, कुडाचा आडोसा करून. फुलाबाई साठीच्या आसपास, घरात एकट्या. त्यांचा एकुलता मुलगा भिमा खडकीच्या सफरमैना पलटणीत होता, पूल बांधायचे, रस्ते करायचे. सिंगापूर पडले तेव्हा जपान्यांच्या हाती लागला आणि कैदेतच वारला. तापाने गेला, असे सरकारातून कळवले. हे सगळे त्यांनी माझी चूल सारवता सारवता सांगितले, जणू शेजारच्या घरातली हकीकत.

"बामनाच्या बाई तुमी. तुमचं तुमी येगळं रांधा. सरपन मातुर माझं घ्या," म्हणाल्या.

मला सोवळ्याओवळ्याचे वेड नाही, यांनाही नव्हते. पण वेगळे बरे. कुणाच्या वेळा सांभाळायला नकोत.


२ जुलै

वर्ग ठीक. मुली येतात, धाकटी भावंडे कडेवर घेऊन येतात.

इथली हवा दमट आहे, त्यामुळे भूक मंदावते. सकाळी चहा घेतला की दिवस निघतो. आज फुलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, तुमच्या चुलीतनं काल बी धूर निघाला न्हाई."

"पोहे खाल्ले मी."

"कोरडंच?"

मला राग आला. माझ्या चुलीवर पाळत ठेवायला मी काही त्यांची सून नव्हे. संध्याकाळी दाराशी भात आणि कुळथाची आमटी झाकून ठेवलेली दिसली. उरलेले अन्न माझ्याकडे सारून भांडी रिकामी करत असाव्यात. कोंबड्यांना घातले. भात मात्र गरम होता.


१४ जुलै, रविवार

आज जे पाहिले ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

फुलाबाईंच्या खाचरात भाताची लावणी होती. एकट्या बाईचे शेत, म्हणून गावाने इर्जिक केली. म्हणजे सगळ्यांनी यायचे, राबायचे, आणि धन्याने जेवण घालायचे. सुट्टी असल्याने मी बांधावर जाऊन बसले. चिमाजीही आला होता. हा भिमाच्या बरोबरीचा, त्याच पलटणीतला आणि त्याच कैदेतला. दोघे बरोबर गेले, हा एकटा हिवाळ्यात परत आला. अंगावर मांस नाही, बोलणे नाही. पण चिखलात उतरला की हात सगळ्यांच्या पुढे.

दुपारी फुलाबाईंनी नाचणीच्या भाकऱ्या आणि पिठले वाढले. सगळे जेवू लागले. चिमाजीने भाकरी दोन्ही हातांवर घेतली, कपाळाच्या वर उचलली, डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटला. "इतादाकिमास" असे काहीसे. मग खाली घेऊन पहिला घास मोडला.

फुलाबाई शेजारीच होत्या. "काय म्हणलास रं?"

"काय न्हाई काकी."

"काय म्हणलास? कंची भाषा ती?"

त्याला खोटे सांगता आले असते. तो म्हणाला, "जपानी हाय, काकी. जेवायच्या आदी म्हंत्यात ते."

फुलाबाईंनी वाकून त्याच्या हातातली भाकरी काढून घेतली. आरडाओरडा नाही, काही नाही. "माझ्या पोराला ज्यांनी मारलं त्यांची बोली माझ्या भाकरीवर नगं," म्हणाल्या, आणि भाकरी बैलाला घातली.

चिमाजी उठला, हात धुतले आणि परत चिखलात उतरला. दिवस मावळेपर्यंत लावत होता.

फुलाबाईंचे काय चुकले? त्या मुलखाचा शब्द तोंडात घोळवायचा म्हणजे कमाल आहे.


२२ जुलै

चिमाजीची बायको रतनबाई शाळेत आली होती. लावणीच्या दिवसापासून त्याचे जेवण तुटले आहे. पानावर बसतो, घास घेतो, तो घशाखाली उतरत नाही. पाणी पितो आणि उठतो.

"आदी बी असंच व्हतं, बाई. हिवाळ्यात आले तवा. मग ते काय म्हंत्यात ते म्हणाया लागले आन चार घास पोटात जाया लागले. आमी म्हणलं, म्हणू द्या, मंतर असंल कसला. आता म्हणत न्हाईत. काकीस्नी वंगाळ वाटलं म्हणत्यात. गावात म्हंत्यात तिकडचं भूत लागलंय. सासूबाई देवऋष्याला बोलावनार हायेत."

मी म्हटले, भूत वगैरे काही नसते, लढाईवरून आलेल्या माणसांची मने अशी होतात. मी समजावीन त्याला.

अन्नावाचून माणूस झिजतो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

माझी पोलकी सैल झाली आहेत. इथल्या पाण्याने कापड ताणत असेल.


२८ जुलै, रविवार

चिमाजीच्या गोठ्यात जाऊन बोलले. रतनबाई दाराशी बसली होती. तो दावणीच्या दोऱ्या वळत होता. मी विचारले, "तो शब्द कुणी शिकवला?"

दोरीला पीळ देत म्हणाला, "मोरीनं."

मग सांगू लागला. त्याचेच शब्द जमतील तसे लिहिते.

"सिंगापुरातनं आमाला बोटीनं येका बेटावर नेलं. जंगल तोडून इमानासाठी पटांगन करायचं. मारायचे लई. चुकलं तरी, न्हाई चुकलं तरी. त्यांच्यात बी वरचा खालच्याला मारायचा. आमच्यावर पाहऱ्याला येक म्हातारा शिपाई व्हता, मोरी. शेतकरीच. हातावरनं कळतंय की. म्या त्येंच्या सैपाकाला पानी, लाकडं आनायचो. त्यो जेवाया बसला की वाटी अशी डोक्याच्या वर धरायचा, आन त्ये म्हणायचा. मलायी बोलीतलं चार शबूद त्येला येत व्हते, चार मला. म्या इचारलं, देवाला म्हंतोस का? त्यो न्हाई म्हणला. खाली वाकला आन भात लावल्यावानी हात केला, आपुन लावतो तसाच. मग बैल दाखवला, शिंगं करून. मग चूल. मग माझ्याकडं बोट केलं. पानी तू आनलंस, म्हणला. आन मला मान लववली. कैद्याला. ह्या समद्यांच्यामुळं मला मिळालं, म्हणून मी माथी लावून घेतो, असा त्येचा अर्थ."

"आणि तू तेवढ्यावरून शिकलास?"

"न्हाई." दोरी त्याच्या हातात थांबली. "भिमाचं पाय सुजलं, मग पोट. दिसाला मूठभर भात, त्यो बी किडका. हिंडता येईना त्येला निम्मा शिधा. त्यो तापानं न्हाई गेला, बाई. भुकंनं गेला. शेवटाला मोरीनं आपल्या वाट्याच्या भाताची पेज करून आनली, टोपीत लपवून. दोन दिस आनली. भिमाला हात उचलंना, म्या त्येचा हात धरून कपाळाला लावला. त्यो हसला. म्हणला, चिमा, आंबेमोहर हाय काय रं. तिसऱ्या दिशी त्येंच्या हवालदारानं मोरीला धरलं. आमच्यासमोर मारला, तोंड फुटस्तवर. मग दुसरीकडं धाडला. त्येच रातीला भिमा गेला."

रतनबाई तोंडाला पदर लावून ऐकत होती. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकले असावे.

"काकीस्नी सांगू नका," तो म्हणाला. "ताप म्हणून कळलंय, तेच ऱ्हाऊ द्या. आपलं पोर उपाशी मेलं ह्ये कंच्या आईला सोसंल?"

मी वचन दिले. मग त्याला म्हटले, तो शब्द नकोसा झाला आहे तर जेवताना "कृष्णार्पण" म्हणत जा, अर्थ तोच.

"त्यो न्हाई, बाई. ते देवाला झालं. ह्ये मानसास्नी हाय."

भाबडा आहे. देवात सगळे आलेच. तरी म्हणून बघतो म्हणाला.


६ ऑगस्ट

कृष्णार्पणाचा काही उपयोग झालेला दिसत नाही. रतनबाई म्हणते, म्हणतात आणि घास हातातच राहतो. वेल्ह्याच्या दवाखान्यात नेऊन आणले. डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही, खायला घाला.

मी विचार करते, नुसत्या एका शब्दावाचून माणूस जेवू शकत नाही हे कसे? सवयीचा भाग असेल. यांना जेवताना बोलायची सवय होती. पहिल्या घासापासून कचेरीतल्या गमती, आज अमका असे म्हणाला, तमका तसे. मी म्हणे, अन्न निवते आहे. आता माझे जेवण किती लवकर आटोपते. कधी कधी मांडायच्या आधीच.


१८ ऑगस्ट, रविवार

चिमाजी आज खाचरात भातातले तण बेणताना पडला. चिखलात तोंड गेले होते. वेळेवर उचलला म्हणून वाचला. घरी आणून टाकला आहे. डोळे उघडतो, मिटतो. नाडी माझ्या बोटाला लागेना.

मी परत आले तेव्हा फुलाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या.

"मागं गोठ्यात त्येनं तुमास्नी काय सांगितलं, बाई?"

"काही नाही. तिकडच्या गोष्टी."

"माझ्या भिमाचं?"

"तापातच गेला म्हणाला." मी त्यांच्याकडे न बघता सांगितले.

मग म्हणाल्या, "बाई, खोटं बोलाया बी अंगात बळ लागतंय. तुमच्यात ते न्हाई." मला वाटले चिडल्या. पण आवाज चिडल्याचा नव्हता. "चिमा गावात शिरला तवाच म्या वळखलं. त्येची हाडं बघितली. तापानं मानूस असं व्हत न्हाई. माझं पोर उपाशी मेलं. म्हणून तर ती बोली ऐकवंना मला."

मग मी वचन मोडले. सगळे नाही, एवढेच सांगितले की तो शब्द मारणाऱ्यांचा नाही, एका म्हाताऱ्या शिपायाचा आहे, आणि त्याने भिमाला पेज दिली होती.

त्या उठल्या. आत जाऊन चूल पेटवली, भाताची मऊ पेज केली, त्यात मीठ घातले, आणि तांब्या पदराखाली घेऊन चालू लागल्या. "तुमी बी चला," म्हणाल्या.

चिमाजीच्या घरात बायाबापड्यांची गर्दी होती. देवऋषी कोपऱ्यात अंगारा घेऊन बसला होता. फुलाबाईंनी सगळ्यांना बाहेर काढले, देवऋष्यालाही. चिमाजीच्या उशाशी बसल्या.

"चिमा, माझ्या भिमाला शेवटचा घास कुणी दिला?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली.

"मोरी म्हणून व्हता, काकी."

"मोरी? ह्ये काय नाव?"

"तसंच व्हतं."

"आपल्यात मोरे असत्यात, तसंच असंल." त्यांनी तांब्यातली पेज वाटीत ओतली. "काय दिलं मोऱ्यानं?"

"पेज. त्येच्या वाट्याची."

"पोटात गेली का त्येच्या?"

"गेली, काकी. दोन दिस गेली. आंबेमोहर हाय काय, म्हणला."

फुलाबाईंच्या हातून पेज थोडी सांडली. सांडलेली त्यांनी बोटाने टिपली. मग वाटी त्याच्या कपाळाला लावली. "म्या आडवलं ते इसर. मोऱ्याच्या आयेनं त्येला चांगलं शिकवलं व्हतं. तुझा तो शबूद म्हण आन घे."

चिमाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, ओठ हलत होते, शब्द येईना.

"मला येत न्हाई तो. तूच म्हण," फुलाबाई म्हणाल्या.

तो म्हणाला. मग त्यांनी त्याला घोट घोट पाजली, वाटी संपेपर्यंत.

मला तिथे उभे राहवेना. चुलीचा धूर डोळ्यांत जात होता. मी बाहेर येऊन गोठ्याशी थांबले. परत येताना वाटेत दोनदा बसावे लागले. चढ फार आहे.


१ सप्टेंबर

चिमाजी हिंडू लागला. गावातली माणसे त्याच्या शब्दाला आता हसत नाहीत, की भीत नाहीत. काल वर्गातल्या चंद्राने डबा उघडून भाकरी कपाळाला लावली, तेव्हा मी विचारले, "हे कुणी शिकवलं?" ती म्हणाली, "चिमातात्यांनी. भाकरी कुनाकुनामुळं मिळाली ते आठवायचं. माज्या आयेमुळं, आन गिरनीवाल्यामुळं, आन काळ्या बैलामुळं." मग मला विचारते, "तुमची कुनामुळं, बाई?"

मी म्हटले, अक्षर नीट काढ.


१३ सप्टेंबर

दादाचे पत्र. पितृपक्षातल्या महाळाला भोरला ये म्हणतो. यांचे श्राद्ध सासरी दीर करतील. तिथे माझे काय काम? नाही जाणार. अंगात कणकण आहे. फुलाबाई दाराशी रोज काहीतरी झाकून ठेवतात. हल्ली कोंबड्यांना घालवत नाही. दोन घास खाते आणि झाकून ठेवते.


२५ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या

भिमा गेला ती तिथी चिमाजीला सांगता येत नाही. त्या बेटावर कुणाला तिथी ठाऊक होती? म्हणून फुलाबाईंनी त्याचा महाळ आज घातला. सकाळपासून चूल चालू होती. भात, वडे, अळूची भाजी, गवार, भोपळा, कढी, तांदळाची खीर. चिमाजी केळीची पाने घेऊन आला. मी शाळेला सुट्टी म्हणून परड्यात बसले होते.

फुलाबाईंनी परड्यात दोन पाने मांडली. एकावर वाढून झाले, तसे दुसऱ्यावरही सगळे वाढले. मला वाटले, भिमाच्या वडिलांचे.

"त्येंचं आदीच झालं, त्येंच्या तिथीला. ह्ये मोऱ्याचं," त्या म्हणाल्या. "त्येचं कोन घालनार? त्येच्या मुलखात दोन गावं म्हणं अख्खी जळून गेली बाँबानं. मागं कुनी हाय न्हाई, काय ठावं. माझ्या पोराला त्येनं जेवू घातलं, मी त्येला घालते."

भिमाच्या पानाला कावळा लगेच शिवला. वडा उचलून घेऊन गेला. फुलाबाईंनी डोळे पुसले आणि हात जोडले. पण दुसऱ्या पानाकडे एकही कावळा येईना. आम्ही वाट पाहिली. ऊन भातावर आले. कावळे कुंपणावर बसले होते, पानाकडे बघत होते, आणि उडून जात होते.

फुलाबाई पानासमोर बसल्या. "काय ऱ्हायलं मनात, मोरे? आमाला तुमच्या मुलखात येता येत न्हाई. भिमाकडनं नमस्कार घ्या. चिमा रोज तुमचं नाव काढतो. आनिक काय करू, सांगा."

कावळा आला नाही.

चिमाजी इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो हळूच म्हणाला, "काकी, त्यो मेलाय असं आपल्याला कुणी सांगितलं?"

फुलाबाईंनी वळून पाहिले.

"मार खाल्ला, पर आपल्या पायांनी चालत गेला. म्या बघितला. वळणावर मागं वळून मान बी लववली त्येनं. फुडचं मला ठावं न्हाई."

मग त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी या घरात कधी पाहिले नव्हते. "आगं बया," त्या म्हणाल्या, "जित्या मानसाचं पान आपुन कावळ्यापुढं मांडलं की रं!" घाईघाईने उठल्या, दोन्ही हातांनी पान उचलले, त्यावर उडालेली काडी काढली. "असंल की. आपल्या खाचरात उभा असंल भात बघत. जित्याचं पान जित्यानं खाल्लं पायजे. बसा, बाई."

"मी? चिमाजीला द्या."

"त्येचं जेवान झालंय घरी."

रतनबाईच्या चुलीवर तर अजून भात चढायचा होता, मी येताना पाहिले होते. फुलाबाईंच्या लक्षात नसावे. चिमाजीही भिंतीकडे बघत राहिला. मी म्हटले, अन्न वाया जायला नको एवढ्यासाठी बसते. त्यांनी पाट मांडला आणि पान माझ्यापुढे ठेवले. माझ्या वेगळ्या चुलीची आठवण त्यांनीही काढली नाही, मीही नाही.

भाताचा घास हातात घेतला. तो जपानी शब्द माझ्या तोंडून काही यायचा नाही. पण हात आपोआप वर गेला, कपाळापर्यंत. कुणामुळे, म्हणून आठवू लागले. भात लावणाऱ्या सगळ्या माणसांची तोंडे आठवली. चिमाजी आठवला, पुढे पुढे जाणारे त्याचे हात. फुलाबाई तर समोरच बसल्या होत्या. ज्याचे पान होते तो परका म्हातारा. मग थोडे थांबून एक नाव आले. लग्नात उखाणा घेतला होता, तेवढेच. त्यानंतर ते नाव मी कधी तोंडातून काढले नव्हते. मला वाटले मनातच म्हणते आहे, पण मोठ्याने म्हटले गेले.

"केशव."

मी घास तोंडात घातला. गिळला. मग दुसरा घेतला. रडत होते की काय, आता नीट आठवत नाही. जेवत होते एवढे खरे. वडे संपले, अळू संपले, कढी भाताबरोबर संपली. बोटाने पान निपटून घेतले, लहान मूल घेते तसे.

"खीर आनिक वाढू?" फुलाबाईंनी विचारले.

"वाढा," मी म्हणाले.